महिंद्रा जीपमधील इंजिन-बदल

महिंद्रा जीपमधील इंजिन-बदल म्हणजे विलीज परंपरेतील जुन्या चारचाकी-चालित जीपगाडीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवणे आणि त्याला अनुसरून क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट व डिफरन्शियल यांत फेरफार करणे होय. महाराष्ट्रात ही प्रथा जीपगाडीइतकीच जुनी म्हणावी लागेल. प्रारंभी तिचा हेतू पेट्रोलचा खर्च वाचवणे हा होता. अलीकडे नवी मुंबई, ठाणे, पुणे व नाशिक या शहरांत छंद म्हणून जीप बाळगणारे लोक वेग, विश्वासार्हता आणि घाटातील ओढ यांसाठी असा बदल करतात. इंजिनाची निवड केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून केल्यास ती बहुधा चुकते. इंजिनापासून चाकापर्यंतच्या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील, या दोन गोष्टी निवडीच्या खऱ्या मर्यादा ठरवतात.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने मुंबईतील माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. विलीज कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप पुढे भारतात दीर्घकाळ बनत राहिली. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिच्या बांध्याची छाप त्यानंतरच्या कितीतरी प्रकारांवर टिकून राहिली. हे उंच बॉनेट शोभेसाठी नव्हते. ‘हरिकेन’ या पेट्रोल इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह सिलिंडर-हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झाले आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. सीजे-३बीचा सर्वपरिचित चेहरा हा अशा रीतीने एका इंजिन-बदलाचाच परिणाम आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि खेड्यापाड्यांतून प्रवासी वाहतूक करणाऱ्या जीपगाड्यांना पेट्रोल परवडेनासे झाले. डिझेल इंजिनाची मागणी वाढली, आणि जे काम कारखान्यात होत नव्हते ते गावोगावच्या गॅरेजांत होऊ लागले. कंपनीनेही त्याच दशकात आपल्या ट्रॅक्टर व्यवसायातील इंटरनॅशनल हार्वेस्टर वंशाचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने ‘एक्सडीपी ४.९०’ हे डिझेल इंजिन आले आणि १९८० च्या दशकातील एमएम ५४० या जीपची ओळख त्याच्याशी जोडली गेली. आज नवी मुंबईत दिसणाऱ्या जुन्या जीपगाड्यांपैकी एखादी मूळ इंजिनासह आहे की नाही, हे बॉनेट उघडल्याखेरीज सांगता येत नाही. कित्येकदा बॉनेट उघडूनही खात्री होत नाही, कारण इंजिन एका गाडीचे, पंप दुसरीचा आणि क्लच तिसरीचा असतो.

मूळ रचना

कोणताही बदल ठरवण्यापूर्वी मूळ गाडीत काय आहे हे जाणून घेणे आवश्यक असते. सीजे-३बीचे हरिकेन इंजिन २१९९ घनसेंमीचे असून त्याची शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती आणि कमाल टॉर्क सुमारे १५५ न्यूटन-मीटर आहे. हा टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. सिलिंडरचा व्यास ७९.४ मिमी, तर स्ट्रोक १११.१ मिमी आहे. इतक्या लांब स्ट्रोकचे इंजिन सावकाश आणि जोमाने ओढते, पण जास्त फेऱ्यांवर दीर्घकाळ फिरवणे त्याला मानवत नाही.

इंजिनामागे टी-९० हा तीन गिअरांचा गिअरबॉक्स असतो. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने तो गाडी थांबवूनच टाकावा लागतो, अन्यथा दुहेरी क्लचिंग करावे लागते. गिअरबॉक्सला जोडून स्पायसर १८ ही ट्रान्सफर केस असते. तिच्या पुढच्या व मागच्या दोन्ही प्रोपेलर शाफ्टची तोंडे मध्यभागी नसून उजव्या बाजूला असतात, त्यामुळे दोन्ही आसांवरील डिफरन्शियलेही उजवीकडे सरकलेली दिसतात. हा बारकावा पुढे फार महत्त्वाचा ठरतो. दोन्ही आसांचे क्राऊन-पिनियन गुणोत्तर ५.३८ आहे. मागच्या आसाच्या दांड्यांची टोके निमुळती असून त्यांवर हब चावीने बसवलेले असतात. जास्त टॉर्कखाली प्रथम तुटणाऱ्या भागांत या चाव्यांची गणना होते. दोन आसांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, ८० इंच अर्थात २०३२ मिमी आहे.

वेग की ओढ

नवी मुंबईतील जीपधारकाची गरज डोंगराळ जिल्ह्यातील जीपधारकाच्या गरजेहून वेगळी असते. वाशी, नेरूळ वा खारघर येथून निघालेली जीप खडबडीत वाटेला लागण्यापूर्वी शीव–पनवेल महामार्ग, पाम बीच मार्ग किंवा पनवेलपुढचा जुना मुंबई–पुणे महामार्ग यांवरून बराच काळ डांबरी रस्त्यानेच धावते. तिच्या आयुष्यातील बहुतेक किलोमीटर सपाट रस्त्यावरचे आणि थोडे किलोमीटर चिखल-दगडांतले असतात. म्हणून ‘इंजिन कोणते’ या प्रश्नाआधी ‘गुणोत्तर कोणते’ हा प्रश्न विचारावा लागतो.

तळच्या टोकापासून पाहू. टी-९० च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८०, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचे २.४६ आणि आसांचे ५.३८ आहे. त्यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. गाडीवाले याला क्रॉल रेशो म्हणतात. इंजिनाचा १५५ न्यूटन-मीटर टॉर्क घर्षणातील घट न धरता ३७ ने गुणला, तर चाकांपाशी सुमारे ५७०० न्यूटन-मीटर टॉर्क उपलब्ध होतो. आता माणसे व सामान धरून गाडीचे वजन १३०० किग्रॅ, कोरड्या खडकावर टायरची पकड वजनाच्या ०.८ पट आणि चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर मानली, तर चारही चाके मिळून जमिनीवर टाकू शकतील असा टॉर्क सुमारे ३६०० न्यूटन-मीटर भरतो. त्याहून अधिक टॉर्क दिल्यास चाके जागच्या जागी फिरतात. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे. लो रेंजमध्ये मूळ पेट्रोल इंजिनदेखील चाकांच्या पकडीपेक्षा अधिक जोर देऊ शकते. खडकाळ चढ चढताना गाडी अडत असेल, तर दोष बहुधा टायर, सस्पेन्शन, गळालेले कॉम्प्रेशन किंवा चालकाची घाई यांपैकी कशात तरी असतो. अधिक शक्तिमान इंजिन तेथे फक्त आसाचा दांडा लवकर तोडते.

वरच्या टोकाचा हिशेब याच्या उलट आहे. ६.००-१६ आकाराच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरल्यास ताशी ८० किमी वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे घेते. टी-९० चा तिसरा गिअर थेट, म्हणजे १:१ असल्यामुळे ५.३८ च्या गुणोत्तराने इंजिनाला मिनिटाला सुमारे ३२६० फेरे घ्यावे लागतात. हरिकेन इंजिन हे करू शकते, परंतु कुरकुरत. याच गाडीत मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर कमाल शक्ती देणारे संथ डिझेल इंजिन बसवले, तर ताशी ७८ किमीच्या आसपासच त्याची मर्यादा येते. टॉर्क वाढूनही गाडी महामार्गावर आधीपेक्षा हळू धावू लागते. इंजिन-बदल केल्यानंतर ‘गाडी पळत नाही’ अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ इंजिनात नसून या गुणोत्तरात असते.

यातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स बसवला आणि त्या गिअरचे गुणोत्तर समजा ०.८५ असले, तर ताशी ८० किमीला इंजिनाचे फेरे सुमारे २७७० वर येतात. आसांचे क्राऊन-पिनियन बदलून ४.२७ चे बसवल्यास ते सुमारे २५९० होतात. पण मग क्रॉल रेशो ३७ वरून सुमारे २९ वर घसरतो आणि दोन्ही आसांचे गुणोत्तर एकाच वेळी बदलावे लागते. एकच आस बदलून फोर-व्हील-ड्राइव्ह टाकले, तर पुढची व मागची चाके एकमेकांविरुद्ध झुंजतात आणि ट्रान्सफर केस फुटते. तिसरा मार्ग अमेरिकेत रूढ आहे: स्पायसर १८ च्या मागील बाजूस असलेल्या पीटीओच्या तोंडावर ओव्हरड्राइव्हचा स्वतंत्र संच बसवून इंजिनाचे फेरे सुमारे एक-चतुर्थांशाने कमी करतात. मोठे टायर हा चौथा, स्वस्त आणि बहुधा अजाणता पत्करलेला मार्ग म्हणता येईल. ३१ इंच व्यासाच्या टायरने गुणोत्तर सुमारे दहा टक्क्यांनी ‘उंच’ होते. मात्र त्याच प्रमाणात ब्रेक कमकुवत भासतात आणि स्टिअरिंग जड होते.

इंजिनांचे पर्याय

एक्सडीपी ४.९० हे इंजिन २११२ घनसेंमीचे, ९० मिमी व्यासाचे व ८३ मिमी स्ट्रोकचे आहे. त्याची शक्ती ६२ अश्वशक्ती आणि टॉर्क सुमारे १२१ न्यूटन-मीटर आहे. डिझेल म्हटले की ओढ जास्त, असा सार्वत्रिक समज असला, तरी या इंजिनाचा टॉर्क मूळ हरिकेनपेक्षा कमी आहे. पेट्रोल जीपमध्ये ते बसवण्याचा लाभ इंधनखर्चापुरता होता. त्याची जमेची बाजू वेगळीच: ते मिनिटाला ४५०० फेऱ्यांपर्यंत सहज फिरते, त्यामुळे ५.३८ च्या आसांवरही महामार्गाचा वेग गाठते. इंधन आधी उपकक्षेत पेटत असल्याने थंडीत सुरू करण्यासाठी त्याला हीटर प्लग लागतात.

महिंद्राचेच एमडीआय हे २५२३ घनसेंमीचे थेट-अंतःक्षेपण डिझेल इंजिन हा दुसरा पर्याय. त्याचा व्यास ८८.९ मिमी व स्ट्रोक १०१.६ मिमी आहे. हे आकडे विचित्र वाटतात. पण इंचांत ते साडेतीन आणि चार असे नेमके येतात. ट्रॅक्टरच्या घराण्यातून आल्याची ही खूण होय. पहिल्या पिढीच्या थार डीआयमध्ये टर्बोसह हे इंजिन ६३ अश्वशक्ती आणि १८२.५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, आणि तो टॉर्क मिनिटाला १५०० ते १८०० फेऱ्यांतच हाती येई. चिखलात, शेतात आणि घाटात याच्यासारखा सोबती नाही. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि साधा मेकॅनिक ते उघडू शकतो. मात्र त्याचा धक्का व कंप मोठा आहे. तीन गिअरांच्या जुन्या टी-९० वर ते लादणे योग्य नव्हे, आणि वर दाखवल्याप्रमाणे पाचव्या गिअरशिवाय ते महामार्गावर घुसमटते. ज्यांना हे इंजिन हवे असते ते बहुधा त्यासोबतचा पाच गिअरांचा गिअरबॉक्सही घेतात. हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण इंजिन व गिअरबॉक्स एकाच गाडीतून एकत्र आले की बेल हाउसिंग, क्लच आणि फ्लायव्हील यांचा मेळ बसवण्याचे अर्धे काम आपोआप टळते.

बाहेरच्या इंजिनांपैकी टोयोटा क्वालिसचे २४४६ घनसेंमीचे डिझेल इंजिन त्याच्या शांतपणामुळे आणि दीर्घायुष्यामुळे लोकप्रिय झाले. ते पाच गिअरांसह मिळते. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने बनवलेले सुमारे २४०० घनसेंमीचे ओएम ६१६ हे इंजिनही महाराष्ट्रातील असंख्य जीपगाड्यांत गेले. पेट्रोलच हवे असणाऱ्यांसाठी कॉन्टेसा व अ‍ॅम्बेसेडर गाड्यांमधील इसुझुचे १८१७ घनसेंमीचे इंजिन होते, आणि ते महिंद्रानेही काही जीपगाड्यांत बसवले होते. त्याची शक्ती हरिकेनएवढीच असली, तरी ती मिळवण्यासाठी त्याला बरेच अधिक फिरवावे लागते.

पहिल्या थारच्या वरच्या आवृत्तीतील २४९८ घनसेंमीचे कॉमन-रेल इंजिन १०५ अश्वशक्ती व २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. कागदावर ते सर्वांना मागे टाकते. परंतु ते चालते संगणकीय नियंत्रकावर, आणि त्यासाठी तारांचा संपूर्ण जाळा, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, संवेदक, इमोबिलायझर आणि इंधनाची परतीची नळी हे सर्व मूळ गाडीतूनच आणावे लागते. सुटे इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून घेणाऱ्याला पुढे तारांमागे धावण्यातच वर्ष जाते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत जोडण्यांना गंज लवकर चढतो, ही अडचण नवी मुंबईत अधिक जाणवते. यांत्रिक पंपाच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी विजेची जवळपास गरजच नसते. ओढ्यात अडकलेल्या गाडीत या फरकाचे मोल कळते.

वापरलेली इंजिने बहुधा भंगारात निघालेल्या गाड्यांमधून येतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड हा अशा सुट्या भागांचा जुना बाजार आहे. तेथे इंजिन विकत घेताना त्याच्या अवस्थेइतकेच महत्त्व त्याच्या पावतीला असते. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक आणि पावतीवरील क्रमांक जुळला पाहिजे, कारण चोरीच्या गाडीचे इंजिन नकळत घेतल्यास अडचणीत येतो तो शेवटचा खरेदीदार.

जोडणी

इंजिन बसवणे म्हणजे ते माउंटिंगवर ठेवून बोल्ट आवळणे नव्हे. वेगळ्या घराण्यातील इंजिन आणि गिअरबॉक्स जोडण्यासाठी मध्ये अडॅप्टर प्लेट बनवावी लागते. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांचे मध्य तंतोतंत एका रेषेत येणे ही या कामातील सर्वांत नाजूक बाब आहे. डायल गेज लावून बेल हाउसिंगचे मधले भोक तपासतात, ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिमीपेक्षा अधिक विचलन चालत नाही, असा कारागिरांचा सर्वमान्य दंडक आहे. हे तपासणारी गॅरेजे थोडी. विचलन राहिले तर गाडी प्रथम उत्तम चालते, मग काही महिन्यांनी पायलट बेअरिंग वाजू लागते, क्लच प्लेटचा मधला भाग फाटतो किंवा गिअर आपोआप निसटू लागतो, आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

लांबीचा प्रश्न याहून अवघड आहे. पाच गिअरांचा गिअरबॉक्स टी-९० पेक्षा लांब असतो. तो बसवला की ट्रान्सफर केस मागे सरकते आणि ८० इंची व्हीलबेसच्या गाडीत आधीच आखूड असलेला मागचा प्रोपेलर शाफ्ट आणखी आखूड होतो. त्याचा कोन तीव्र होतो. कमानपट्टे उंच केलेल्या गाडीत तर युनिव्हर्सल जॉइंट थरथरू लागतात आणि लवकर झिजतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान ठेवले तर कंप बराच कमी होतो. इंजिन पुढे सरकवून लांबी वाचवावी म्हटले तर रेडिएटर आडवा येतो.

येथेच ट्रान्सफर केसच्या तोंडांचा मघाचा मुद्दा पुढे येतो. नव्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मागच्या शाफ्टचे तोंड मध्यभागी असते. अशी केस सीजे-३बीत बसवायची तर उजवीकडे सरकलेले मागचे डिफरन्शियल चालत नाही. संपूर्ण आसच बदलावा लागतो. मग त्याच्याशी जुळणाऱ्या गुणोत्तराचा पुढचा आस, त्याचे ब्रेक, त्याची रुंदी आणि शेवटी त्याची चाके अशी साखळी सुरू होते. केवळ इंजिन बदलायला निघालेला माणूस अखेरीस जुन्या चासीवर नवी गाडी उभी करून बसतो. म्हणून अनुभवी कारागीर मूळ स्पायसर १८ ठेवूनच पुढची आखणी करण्याचा सल्ला देतात.

इंजिनाच्या तळाशी असलेले तेलाचे पात्र, म्हणजे चेंबर, पुढच्या आसावर आदळू नये यासाठी कमानपट्टे पूर्ण दबले असता किती जागा उरते हे आधी मोजावे लागते. उभ्या गाडीत मोकळी दिसणारी जागा पहिल्याच खड्ड्यात नाहीशी होते.

ब्रेक व शीतन

सीजे-३बीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि त्यांना साहाय्यक बूस्टर नसतो. वेग वाढवणाऱ्या बदलाआधी ब्रेक सुधारणे हा क्रम उलटवता येत नाही. व्हॅक्यूम बूस्टर बसवायचा असल्यास डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी शोषणपोकळी निर्माण होत नाही हे ध्यानात घ्यावे लागते. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लागतो, जो अनेक डिझेल इंजिनांत अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. जड डिझेल इंजिनामुळे पुढचे कमानपट्टे दबतात, तेही बदलावे लागतात.

शीतनाची कसोटी बोरघाटात लागते. शहरात थंड राहणारी गाडी खोपोलीहून वर चढताना, कमी वेगात आणि जास्त भारावर, तापमानाचा काटा वर नेते. रेडिएटरचा आकार, पंख्याभोवतीचे आवरण आणि पंख्याची दिशा या तीन साध्या गोष्टी तपासल्या तर बहुतेक तक्रारी मिटतात.

कायदेशीर बाजू

तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालेला बदलही रस्त्यावर बेकायदेशीर ठरू शकतो, आणि आज बहुतेक बदल तसेच ठरतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ अधोरेखित करून केरळ उच्च न्यायालयाचा वेगळा निर्णय रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द जीपधारकाने नीट वाचावेत असे आहेत.

मात्र सर्वच वाटा बंद नाहीत. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने बसवून नवा क्रमांक आरसी बुकावर चढवता येतो. त्यामुळे एमएम ५४० मध्ये मोडकळीस आलेल्या एक्सडीपीच्या जागी दुसरे एक्सडीपी आणणे आणि त्या जागी क्वालिसचे इंजिन आणणे या कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न गोष्टी आहेत. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याचीही कायद्यात सोय आहे. अशा संचांना चाचणी संस्थेची मान्यता लागते; पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी प्रमुख संस्था होय.

पूर्वी केलेले अनेक बदल कधीच कागदावर आले नाहीत. आरसी बुकात ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल अशा गाड्या दीर्घकाळ निर्धास्त फिरल्या. ही तफावत आता तीन ठिकाणी उघडी पडते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्या वेळी वाशीच्या (एमएच-४३) किंवा पनवेलच्या (एमएच-४६) परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते आणि चासी व इंजिन क्रमांक पाहिले जातात. प्रदूषण तपासणी केंद्रे ‘वाहन’ या संगणकीय नोंदीशी जोडलेली असल्याने इंधनाचा प्रकार तेथूनच येतो. पेट्रोल गाडीची तपासणी धुरातील कार्बन मोनॉक्साइडवर होते, तर डिझेलची धुराच्या दाटपणावर. चुकीच्या रकान्यातील गाडीची खरी तपासणी होऊच शकत नाही. तिसरे ठिकाण अपघातानंतरचे. विमा सर्वेक्षक प्रथम इंजिनाचा क्रमांक पाहतो आणि तो न जुळल्यास दावा अडतो. जुनी जीप विकत घेणाऱ्याने किंमत ठरवण्याआधी हे दोन क्रमांक स्वतः पडताळणे, इंजिनाचा आवाज ऐकण्याहून अधिक उपयोगाचे आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट पणाला लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. १९७० च्या आधीची सीजे-३बी या वर्गात बसते, परंतु केवळ हरिकेन इंजिनासह. सोयीसाठी बसवलेले डिझेल इंजिन हा दरवाजा बंद करते.

मुंबई महानगर प्रदेशात केवळ सीएनजी व विद्युत वाहनांना मुभा देणे शक्य आहे काय, याचा अभ्यास करण्यासाठी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. नवी मुंबई या प्रदेशात मोडत असल्याने नवे डिझेल इंजिन बसवण्यावर मोठा खर्च करू इच्छिणाऱ्याने ही शक्यताही हिशेबात धरलेली बरी.

अन्य वाहने

मारुती जिप्सीची स्थिती तुलनेने सोपी आहे. १९८५ च्या मूळ जिप्सीत ९७० घनसेंमीचे, तर १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ घनसेंमीचे इंजिन होते. बलेनोतील १.६ लिटरचे इंजिन जिप्सी किंगच्याच कुटुंबातील असल्याने जोडणी फारशी अवघड जात नाही. शिवाय जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असून छोट्या शाफ्टने जोडलेली असते, त्यामुळे गिअरबॉक्स बदलला तरी तिला हात लावावा लागत नाही. जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेल्या जोंगा गाडीत निसानचे ३९५६ घनसेंमीचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. लिलावातून ती खासगी हातांत आल्यावर त्याची तहान न परवडल्याने बहुतेक मालकांनी त्यात डिझेल इंजिन बसवले. आज मूळ इंजिनाची जोंगा दुर्मीळ झाली आहे.

मूळ इंजिनाचे पुनरुज्जीवन

इंजिन न बदलता तेच नव्याने बांधणे हा पर्याय अनेकदा विचारातच घेतला जात नाही. हरिकेनचे सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, क्रँकशाफ्ट घासून नव्या मापाची बेअरिंगे टाकणे, ब्लॉकमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा नव्या करणे आणि कार्बुरेटर पूर्ण सोडवून स्वच्छ करणे एवढ्याने लो रेंजमधील गाडी पूर्ववत चालू लागते. वितरकातील पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्याने पावसाळ्यात गाडी बंद पडण्याचे प्रमाण कमी होते. या मार्गाने आरसी बुकातील एकही अक्षर बदलावे लागत नाही. महामार्गावर ताशी ६० किमीच्या आसपास चालण्याची तयारी मात्र मालकाला ठेवावी लागते, आणि त्या वेगाला हरिकेन मिनिटाला सुमारे २४५० फेरे घेत निवांत चालते.